काळ्या रात्याच्या पानांसाठी भिवंडी

"भिवंडीला काय बघायला गेला होतात?" हा प्रश्न मला परत आल्यापासून इतक्या जणांनी विचारला, की आता मी "पानं तोडायला" एवढंच सांगते आणि विषय संपवते. समोरचा माणूस मग माझ्या नवऱ्याकडे, दिलीपकडे, सहानुभूतीने बघतो. दिलीप हसतो. त्याचं हे हसणं हाच प्रवासातला माझा निम्मा वैताग होता, पण ते ओघाने येईलच.

मी कराडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. वनस्पतींवर संकट आलं की त्या काय करतात, हा माझा विषय. त्यांना पळता येत नाही, ओरडता येत नाही. त्या रसायनं बनवतात. भाताच्या मुळाशी खारं पाणी आलं की रोपाची पंचाईत होते. पाणी समोर आहे, पण पिता येत नाही. अशा वेळी रोप पेशींमध्ये प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल आणि काही साखरा साठवायला लागतं. ही द्रव्यं पाणी धरून ठेवतात आणि आतली प्रथिनं मोडू देत नाहीत. पानांमधली तांबूस रंगद्रव्यं आणि इतर काही संयुगं ताणामुळे उसळलेले घातक रेणू शमवतात. थोडक्यात, रोप स्वतःचं औषध स्वतःच घरात तयार करतं.

गेल्या उन्हाळ्यात एका बियाण्यांच्या जत्रेत मला सुमनताई भोईर भेटल्या. भिवंडीजवळच्या वळ आणि दापोडे या गावांच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला त्यांचं शेत. त्यांच्यापुढे सुपात काळपट तुसाचा भात होता. "ह्यो काला राता. खाऱ्या पान्यान होतं," असं म्हणून त्यांनी माझ्या ओंजळीत मूठभर दाणे टाकले. गोदामांच्या त्या पट्ट्यात खारजमिनीवर कुणी अजून भात लावतं, यावरच माझा विश्वास बसेना. त्याच दिवशी मी ठरवलं: भात फुलोऱ्यात येईल तेव्हा जायचं आणि पानं आणायची.

आणायची म्हणजे पिशवीत घालून नव्हे. पान तोडलं की ते लगेच मरत नाही. त्याला वाटतं दुष्काळ पडला, आणि ते भराभर प्रोलीन बनवायला लागतं. तोडलेलं पान तासभर तापलेल्या गाडीत राहिलं, तर प्रयोगशाळेत जे मोजलं जाईल ते खाडीच्या मिठाचं नव्हे, गाडीच्या उकाड्याचं उत्तर असेल. म्हणून पान तोडल्या तोडल्या गोठवावं लागतं. त्यासाठी मी गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांकडून द्रवरूप नायट्रोजनचा कॅन उसना घेतला. कृत्रिम रेतनासाठी त्यांच्याकडे तो असतोच. डॉक्टरांनी देताना बजावलं, "झाकण जरा सैल आहे, मॅडम. आडवा करू नका. आणि गाडीच्या काचा उघड्या ठेवा, बंद गाडीत कोंडला तर श्वास अडकेल."

काचा उघड्या ठेवून भिवंडी. ज्यांनी भिवंडी पाहिली आहे, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

गणेशपुरी

पहिला मुक्काम गणेशपुरीला होता, कारण नुसती खारजमिनीतली पानं घेऊन उपयोग नसतो. तेच बी गोड्या पाण्यात वाढलं तर पानात किती प्रोलीन असतं, हे कळल्याशिवाय तुलना कशाशी करणार? सुमनताईंची मावसबहीण गणेशपुरीजवळ दिलेली आहे. तिच्या शेतात सुमनताईंनी दिलेला काळा राता एका कोपऱ्यात लावलेला होता, आणि त्याच्याच शेजारी बाजारातलं सुधारित बी. दोन्ही मला हवे होते.

सकाळ इतकी सुंदर होती की मला संशयच आला. डोंगराच्या कुशीत भात पोटरीतून बाहेर पडलेला, बांधावर तेरड्याची गुलाबी फुलं, एस.टी.तून उतरून आश्रमाकडे चाललेली पांढऱ्या कपड्यांतली माणसं. मी कॅन सावलीत ठेवला, हातमोजे चढवले, नळ्या मांडल्या आणि कात्रीसाठी हात पुढे केला. कात्री दिलीपकडे होती. दिलीप नव्हता.

तो गरम पाण्याच्या कुंडावर सापडला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून, एका परक्या गृहस्थाशी सांधेदुखीवर बोलत बसला होता. कात्री शर्टाच्या खिशात.

"अहो, मी तिकडे उन्हात उभी आहे!"

"उषा, पाय घालून बघ. गुडघा एकदम मोकळा होतो."

मी पाय घातले नाहीत. कात्री घेतली आणि तरातरा शेतावर परत आले. पानं मात्र झकास मिळाली. कापलं पान की नळीत, नळी की नायट्रोजनमध्ये. धुराचा भपकारा आणि चर्र असा आवाज. मावसबहिणीने लांबून पदर तोंडाला लावून पाहिलं आणि विचारलं, "पानं तलताव का काय?"

त्या प्रवासातली व्यवस्थित पार पडलेली गोष्ट म्हणून ही पानं मी आजही मनात जपून ठेवली आहेत.

दापोडे

माझा बेत असा होता: दुपारी खाडीकाठी पोचायचं, शेत पाहून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गणेशपुरीला ज्या सुमारास पानं तोडली त्याच सुमारास तिथली तोडायची. उन्हाप्रमाणे पानातली रसायनं बदलतात, त्यामुळे वेळ सारखी हवी. बेत चांगला होता. त्यात कंटेनर धरलेले नव्हते.

दापोड्याच्या अलीकडे आम्ही जे अडकलो ते अडकलोच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, डावीकडे पत्र्याच्या गोदामांची न संपणारी भिंत. आमच्या कराडला रस्ता अडला तर उसाच्या ट्रॉलीने अडतो; माणसं उतरतात, ट्रॉलीवाल्याला शिव्या घालतात, दोन कांडी उपटून खातात आणि वाट मोकळी होते. इथे कुणी कुणाला शिव्यासुद्धा देत नव्हतं. ड्रायव्हर लोकांनी इंजिनं बंद करून सरळ चादरी अंथरल्या होत्या. एकाने ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून भाजी फोडणीला टाकली होती. उघड्या काचांतून धूळ, डिझेल आणि ती फोडणी आत येत होती. मागच्या सीटवर कॅन सैल झाकणातून पांढरा श्वास सोडत होता, आणि दर श्वासाला माझा नायट्रोजन कमी होत होता.

दिलीप उतरून गेला आणि वडापाव घेऊन आला. "इथली सुकी चटणी बघ, आपल्यापेक्षा झणझणीत आहे."

"मला चटणी नको. मला पुढे जायचंय."

"ते तर सगळ्यांनाच जायचंय," तो शांतपणे म्हणाला. या माणसाच्या अंगात प्रोलीन भरपूर असलं पाहिजे. याला कशाचा ताणच येत नाही.

शेवटी मी त्याला एका गोदामाच्या फाटकातून गाडी आत घालून मागच्या वाटेने काढायला सांगितलं. फाटकावरच्या रखवालदाराने हात केला आणि आत डोकावला. कॅन नेमका तेव्हाच फुसफुसला.

"मॅडम, ये धुआँ काय का है?"

"धुआँ नहीं, नायट्रोजन है. हवा में जो होता है वही."

तो विचारात पडला. "हवा तो बाहर भी है. डब्बे में कायको ले जा रहे?"

"भात के पत्ते ठंडे करने के लिए," दिलीपने मदत केली.

रखवालदाराने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि शिटी वाजवली. मग सुपरवायझर आला. तो मराठी होता, पण त्याने काही फरक पडला नाही. "मॅडम, आत केमिकलचा माल आहे. हे आत न्यायचं न्हाय. आणि गाडी फाटकात लावायची न्हाय." मी त्याला नायट्रोजन पेट घेत नाही हे समजावून सांगितलं. वर्गातल्यासारखंच सांगितलं असावं, कारण तोही वर्गातल्यासारखाच माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिला. आम्ही गाडी मागे घेतली आणि पुन्हा त्याच रांगेत घुसलो, फक्त पूर्वीपेक्षा चार कंटेनर मागे.

सुमनताईंच्या दारात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता.

खाडीकाठी

घर पक्कं, दोन मजली, रंगवलेलं. भोईरांची रस्त्याकडची जमीन पूर्वीच गोदामाला दिलेली आहे. राहिलाय तो खाडीकडचा खालचा तुकडा, खारजमिनीचा. ओट्यावर सुमनताईंचे यजमान बाळारामदादा बसले होते. भरघोस मिश्या, अंगात गंजी, हातात मोबाईल. त्यांनी दिलीपला "या दाजी" म्हणून शेजारी बसवून घेतलं आणि मला विचारलं, "मॅडम, ह्या पानांचं पुढे काय करतात? औषध?"

"नाही. मोजायचं असतं."

"मोजून?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ते मनापासून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हंजे गोदामाला काय अडचन न्हाय ना तुमची?"

तेव्हा मला कळलं की येताना शेजारच्या तुकड्यावर जो मातीचा भराव पडताना दिसला, तो कुणाचा आणि कशासाठी. ज्या शेठने तो तुकडा गोदामासाठी घेतला, त्याला आता भोईरांचाही खालचा तुकडा हवा होता. बोलणी झालेली होती. पितृपक्षात सही करायची नाही, म्हणून काय ते थांबलेलं. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. पितृपक्ष संपला की शेठचा माणूस येणार होता.

सुमनताई आतून तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता ओरडल्या, "बोलनी तुमी केलीव! मी कवा हो बोलले?"

"पोरांचा ईचार नको कराला? दोघंव नोकरीला. कोन उतरनार चिखलान?"

"मी उतरते ना!"

"गुडघं पकरून रात्रभर कन्हतं कोन मंग?"

मी आणि दिलीप ताटाकडे बघत राहिलो. ताटात निवट्यांचं कालवण होतं. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा. आमच्याकडे ज्वारीची भाकरी मोडताना आवाज येतो. ही तांदळाची भाकरी ओल्या रुमालासारखी मऊ, कालवणात घातली की विरघळायची. दिवसभरात पहिल्यांदाच मला बरं वाटलं. ते टिकलं नाही.

"ताई, उद्या कुठल्या वाफ्यात काळा राता आणि कुठल्या वाफ्यात बाजारचं बी, ते मला आधी दाखवा," मी म्हणाले.

सुमनताईंनी बाळारामदादांकडे पाहिलं. पेरणीच्या वेळी त्या तापाने पडल्या होत्या, त्यामुळे बी दादांनी टाकलं होतं.

"बांदाकडं काला," दादा म्हणाले.

"बांदाकडं? मी सांगलेलं घराकडं!"

"मंग घराकडं असंल."

"असंल म्हंजे?"

दादांनी मिशी चोळली. "दोन गोनी होत्या. पहिली संपली, दुसरी टाकली. मदीच पाऊस आयला."

थोडक्यात, दोन्ही बियाणी एकाच शेतात मिसळली होती. तुलनेसाठी मी तीनशे किलोमीटर आले होते आणि ज्याची तुलना करायची तेच कुणाला ठाऊक नव्हतं. माझा चेहरा बघून दिलीप हळूच म्हणाला, "उषा, भाकरी खा."

अमावास्या

सकाळी शेतावर गेलो. खाडीच्या बाजूला मातीचा उंच बांध, बांधात उघाडी: लाकडी फळ्यांचं दार, जे भरतीला बंद ठेवायचं आणि ओहोटीला उघडून शेतातलं पाणी सोडायचं. बांधापलीकडे तिवरं आणि चिखल. अलीकडे भात. आणि उजव्या हाताला, जिथे पूर्वी दुसऱ्या कुणाचं शेत होतं तिथे, मुरुमाचा पुरुषभर उंच भराव. डंपर येत होते, ओतून जात होते. त्यांना पितृपक्ष नव्हता.

सुदैवाने आधी फुललेल्या लोंब्यांमधले दाणे भरायला लागले होते. काळ्या रात्याच्या तुसावर काळपट झाक चढली होती, दुसऱ्याची तुसं हिरवी पिवळी होती. म्हणजे रोपं एकेक करून ओळखता येत होती. मी आणि सुमनताई चिखलात उतरलो. काळ्या रात्याला लाल दोरा, बाजारच्या बियाला पांढरा. सुमनताई वाकून भराभर दोरे बांधत होत्या आणि माझ्यावरच खेकसत होत्या, "ताई, ते पांढरं कशाला बांदलंव? काला हाय तो. तूस बगा ना!" माझी कंबर भरून आली होती. उन्हाने डोळ्यांपुढे काजवे दिसत होते. पण बांधाकडच्या अंगाला, जिथे मातीवर मिठाची पांढरी पापडी दिसत होती, तिथे दोन्ही जातींची चांगली पुरेशी रोपं मिळाली. अगदी शेजारीशेजारी, सारख्याच खाऱ्या जागेत. मिसळलेल्या बियाण्याचा हा एवढाच उपकार.

मी हातमोजे चढवले. दिलीपने कॅन बांधावर आणला. कात्री माझ्याच हातात होती. आणि सुमनताई ओरडल्या.

अमावास्येचं उधाण होतं. भरती दुपारी पुरी व्हायची होती, पण पाणी सकाळीच चढत आलं होतं. एरवी हे पाणी शेजारच्या शेतात थोडं पसरायचं. आता तिथे भराव होता, म्हणून सगळा जोर भराव आणि बांध जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर आला होता. तिथून आधी बोटभर धार येत होती. मी बघेपर्यंत ती हातभर झाली, आणि मग मातीचा एक मोठा लपका सरळ आत कोसळला. गढूळ, खारं पाणी फुलोऱ्यातल्या भातात घुसलं.

मातीत मुरलेला खारेपणा झेलणं वेगळं आणि फुलोऱ्यात समुद्राच्या पाण्याखाली उभं राहणं वेगळं. कुठलंही प्रोलीन तिथे पुरं पडत नाही. हे मला माहीत होतं. सुमनताईंनाही काय होणार ते दिसत होतंच. त्या पदर खोचून धावल्या आणि हातांनी चिखल उचलून त्या भगदाडात टाकायला लागल्या. चिखल पडत होता तसा वाहून जात होता.

"अवं! आयकताव का! या हितं!" त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. मजूर कोण मिळणार? सगळं गाव पितरांच्या जेवणाला घरी. बाळारामदादा धावत आले, हातात फावडं. कपाळाला गंध, पान वाढता वाढता उठून आले होते.

मी कात्री हातात धरून बांधावर उभी होते. त्या क्षणी पानं तोडली असती तर मिळाली असती. मला हवी तशी, हव्या त्या वेळेला. मी तशी वाकलेही. आणि बघते तो दिलीप कमरेएवढ्या पाण्यात. चप्पल काढायचीही तसदी न घेता उतरलेला.

"अहो! तुमचा गुडघा!"

"गोण्या दे!" तो ओरडला. पंचवीस वर्षांच्या संसारात माझ्यावर पहिल्यांदा. "ओट्यावर रिकाम्या गोण्या आहेत, पळ!"

मी कात्री चिखलात टाकली आणि पळाले. गोण्या आणल्या. दादा फावड्याने भरत होते, दिलीप आणि मी ओढत होतो, सुमनताई पाण्यात उभ्या राहून त्या एकावर एक रचत होत्या. पहिल्या दोन राहिल्या. तिसरी लावताना खालची सरकली आणि सगळंच वाहून गेलं. सुमनताईंचा पाय घसरला. त्या पाण्याखाली गेल्या आणि दादांनी त्यांना दंडाला धरून वर ओढलं. दादांचा तो चेहरा मी विसरणार नाही. मिश्यांतून पाणी गळत होतं आणि दंड त्यांनी अजून सोडला नव्हता.

"सोर आता, सुमन," ते म्हणाले. "सोर. रानार न्हाय ते."

"मी न्हाय सोरनार!"

दादांनी त्यांचा दंड सोडला. मग ते भरावाच्या उतारावरून हातपाय टेकत वर चढले. वर एक डंपर मागे मागे येत होता. दादा त्याच्या मागे जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहिले.

"भय्या! इधर! इधर कोने में खाली कर!"

ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "उधर तो पानी है."

"हां, उधरच डाल!"

"शेठ ने बोला क्या?"

"हां हां, शेठनेच बोला! जल्दी कर!"

ड्रायव्हर दादांना ओळखत होता. शेठच्या माणसाबरोबर त्यांना बांधावर फिरताना त्याने पाहिलं असणार. त्याने खांदे उडवले, डंपर कडेला घेतला आणि हौदा उचलला. आम्ही तिघं भातातून आडवेतिडवे पळत सुटलो. मुरुमाचा डोंगर गडगडत खाली आला, भगदाडात बसला, वरून ओघळला, आणि पाणी थांबलं.

एकदम शांत झालं. मी वळून पाहिलं. मुरुमाचा एक मोठा ओघ शेतात पसरला होता. बांधाकडच्या अंगाला, मिठाच्या पापडीवर, जिथे दोन्ही जातींची रोपं शेजारीशेजारी होती, तिथेच. माझे लाल आणि पांढरे दोरे त्याच्याखाली गेले होते.

मला रडू आलं. खरंच आलं. सुमनताई जवळ आल्या, चिखलाच्या हाताने माझी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "रडू नको गं बाय. भात वाचला ना?" त्यांना वाटलं मी त्यांच्या भातासाठी रडते आहे.

ओहोटी लागल्यावर दादांनी उघाडी उघडली आणि साठलेलं पाणी खाडीत सोडलं. उरलेल्या जागेत आम्ही पुन्हा रोपं शोधली. वेळ चुकलेली, पाण्याचा धक्का बसलेला, जागा बदललेली. प्रयोगाच्या दृष्टीने सगळंच बिघडलेलं. नायट्रोजनही तळाला गेला होता, त्यात मोजक्याच नळ्या बुडाल्या. मी ती पानं तोडली ती निव्वळ हट्टाने. दिलीप गुडघा धरून बांधावर बसला होता आणि मला लेबलं लिहून देत होता. त्याचं अक्षर वाईट आहे, हे मी त्या दिवशी त्याला सांगितलं नाही.

पितरांचं जेवण आम्ही संध्याकाळी जेवलो. गार झालेल्या वड्या, खीर, भोपळ्याची भाजी. सुमनताईंनी बाळारामदादांच्या पानात दोनदा खीर वाढली, तीही न मागता.

कराड

आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी पानं तपासली. प्रोलीनच्या परीक्षेत अर्कात एक रसायन घालून तो उकळतात, मग नळीच्या वरच्या थरात लाल रंग उतरतो. जितकं प्रोलीन जास्त तितका रंग गडद. गणेशपुरीच्या पानांचा रंग फिकट गुलाबी आला. खाडीकाठच्या पानांचा लाल. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणे.

पण सगळ्यांत गडद रंग आला तो बाजारच्या बियाचा. काळा राता त्याच्यापेक्षा फिका.

पुन्हा करून पाहिलं, तेच. लेबलं उलटसुलट झाली असतील म्हणून मी दिलीपला रागावलेसुद्धा, पण लेबलं बरोबर होती. मग खुर्चीत बसून विचार केला. रोप संरक्षक रसायन बनवतं ते त्याच्यावर बेतलं की. ज्याच्यावर जास्त बेतलं ते जास्त बनवतं. काळा राता बहुधा मीठ मुळाशीच अडवतो, पानापर्यंत फारसं येऊच देत नाही, म्हणून त्याला एवढं औषध लागत नाही. मीठ आत घेतल्यावर जो तडफडतो, त्याची नळी लाल होते. रंग गडद म्हणजे रोप कणखर, असं सरळ गणित नाही. ही शंका जगातल्या अनेक प्रयोगशाळांत आधीच घेतली गेलेली आहे. मला ती माझ्या नळीत दिसली, एवढंच. आणि तीसुद्धा इतक्या कमी आणि इतक्या बिघडलेल्या पानांवरून, की कुणाला सांगायची सोय नाही. खात्री करायची तर पुढच्या वर्षी त्याच शेतात पुन्हा जायला हवं. शेत असलं तर.

दसरा होऊन दोनेक आठवडे गेल्यावर मी फोन केला. सुमनताईंनी उचलला, आणि स्पीकरवर टाकला, कारण मागून दादांचा खोकला ऐकू आला.

"भात झाला का हो, ताई?"

"काला भरला. मुरुमाखालचा गेला तो गेला, बाकी भरला. बाजारचा निस्ता पोचट."

मी उत्साहाने मुळांपासून सुरुवात केली. मीठ कसं अडतं, पानात का जात नाही, लाल रंग कशाचा. दोघंही हूं हूं करत होती. मग मी धीर करून विचारलं, "पुढच्या वर्षी मला परत यायचंय. पण तोपर्यंत जमीन..."

"या की," दादा म्हणाले. "खालचा तुकरा देनार न्हाय, सांगलंय मी शेठच्या मानसाला."



"कवा सांगलंव?" सुमनताईंचा आवाज.

"दसऱ्याला."

"दसऱ्याला? आन मना आज कलतंय? त्या मॅडमचा फोन आयला म्हनून?"

"तू ईचारलं कवा?"

"मी कशाला ईचारू? तुमी सांगाचं व्हतं! मी हितं रोज झोप न्हाय म्हनून कुस बदलतंय..."

"ते मना ठावं हाय," दादा हळू म्हणाले. "मीव जागाच व्हतो."

मग फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. भांडं सरकलं. सुमनताई काहीतरी पुटपुटल्या, ते रागावणं होतं की रडणं, ते कळलं नाही. दादा खोकले. मग दोघं बोलायला लागली, एकमेकांत, खालच्या आवाजात. फोन चालू आहे याचं दोघांनाही भान राहिलं नव्हतं.

माझा निष्कर्ष अर्धाच सांगून झाला होता. मी तसाच थोडा वेळ फोन कानाला धरून बसले, मग हळूच बंद केला.